लाँगेस्ट जर्नी की शॉर्ट हाइक? दोन्ही खेळून झाले, आता बोलते

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाशी व्हिडिओ कॉलवर जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. दादा न्यू जर्सीत, मी कोथरूडला, आणि विषय काय तर अॅडव्हेंचर गेम, म्हणजे फिरत, कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायचा कॉम्प्युटर गेम, लांब असावा का छोटा. दादाचं म्हणणं असं की गेम कसा पंधरा-वीस तास पुरला पाहिजे, दोन तासात संपणारा गेम म्हणजे पाणीपुरीवाल्याने एकच पुरी देऊन फडक्याला हात पुसायला घेतल्यासारखं. मी म्हणलं अरे दादा तुझी पोरं कॉलेजला गेली, तुझं बरंय, माझ्याकडे रात्री साडेदहा ते साडेअकरा एवढा एकच तास असतो, त्यातलाही अर्धा रील बघण्यात जातो, मी वीस तासांचा गेम धरला की संक्रांत येते. शेवटी ठरलं की त्याने एक गेम सांगायचा, मी एक निवडायचा, दोन्ही मीच पाठोपाठ खेळायचे आणि काय ते प्रामाणिकपणे सांगायचं. त्याने सांगितला द लाँगेस्ट जर्नी. मग मी पण मुद्दाम अ शॉर्ट हाइक काढला, म्हणलं नावातच निकाल लागू दे.

तर आधी लाँगेस्ट जर्नी. फनकॉम नावाच्या नॉर्वेच्या कंपनीचा, १९९९ चा गेम, मागचं मुख्य डोकं राग्नार टोर्नक्विस्ट. माउसने क्लिक करत फिरायचं, वस्तू उचलायच्या, एकमेकींना जोडायच्या, लोकांशी बोलायचं, असा तो जुन्या पद्धतीचा पॉइंट अँड क्लिक. गोष्ट २२०९ सालातली. एप्रिल रायन नावाची अठरा वर्षांची चित्रकलेची विद्यार्थिनी घर सोडून न्यूपोर्ट शहरातल्या व्हेनिस नावाच्या भागात खोली घेऊन राहते, तिला विचित्र स्वप्नं पडायला लागतात आणि मग कळतं की जगं दोन आहेत, एक स्टार्क म्हणजे आपलं विज्ञानवालं आणि दुसरं आर्केडिया, जादूवालं, आणि ही पोरगी दोन्हीत ये-जा करू शकते. तेरा चॅप्टर आहेत. हो, तेरा.

हा गेम मी आणि दादाने २००१-०२ च्या आसपास त्याच्या सदाशिव पेठेतल्या घरी खेळला होता. चार सीडी होत्या, कोणाकडून आणल्या ते विचारू नका, तेव्हा सगळ्यांच्याच तशा असायच्या. मध्येच सीडी बदला म्हणून मेसेज यायचा आणि दादा ती सीडी शर्टाला पुसायचा. गुरुवारी लाइट जायची त्यामुळे गुरुवार वाया. सेव्ह करायचं विसरलं आणि लाइट गेली की मावशीच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचो. सगळा मिळून अडीच महिने लागले आम्हाला.

आणि त्या अडीच महिन्यांतले अकरा दिवस एका रबरी बदकाने खाल्ले. ज्यांनी हा गेम खेळलाय ते आत्ता हसत असतील. मेट्रोच्या रुळांवर एक किल्ली पडलीये, ती काढायचीये. साधं डोकं काय सांगेल, काठी घे, चुंबक लाव, माणूस बोलव. गेम काय सांगतो, तर कपडे वाळत घालायची दोरी घे, एक क्लॅम्प घे, आणि एक फुगवायचं रबरी बदक घे ज्याला भोक पडलंय आणि त्यावर बँडेडची पट्टी लावलीये, मग बदक क्लॅम्पच्या तोंडात अडकव, हळूहळू हवा जाईल, बदक बारीक होईल, क्लॅम्प मिटेल आणि किल्ली पकडली जाईल. आता इंजिनियर म्हणून मी सांगते, डिझाइन वाईट नाहीये, टाइमर आहे तो एक प्रकारचा. पण माणसाला सुचणार कसं! आम्ही अकरा दिवस प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासत बसलो. शेवटी दादाच्या कॉलेजातल्या एकाने नेट कॅफेतून वॉकथ्रूची, म्हणजे गेमच्या सगळ्या उत्तरांची, प्रिंट आणली, पानामागे पैसे देऊन, आणि ते वाचल्यावर आम्ही दोघंही पाच मिनिटं काही बोललोच नाही.

यावेळी मी स्कमव्हीएमवर खेळले, ते जुने गेम नव्या मशीनवर चालवतं, छान चालला. बदक लक्षात होतंच. चार मिनिटात किल्ली हातात. आणि इथेच मला पहिल्यांदा दादाच्या मुद्द्यात भोक दिसलं, बँडेडशिवायचं. अडीच महिन्यांचा गेम यावेळी सोळा तासात संपला, त्यातही मी दोनदा झोपले ते धरून. मग बाकीचा वेळ कुठे गेला? तो गेममध्ये नव्हताच, तो आमच्या अडकण्यात होता. जुन्या अॅडव्हेंचर गेमची लांबी बरीचशी अशीच असायची. बनवणाऱ्यांनाही ते माहीत होतं आणि ते त्यावर मस्करी पण करायचे. १९९० च्या सीक्रेट ऑफ मंकी आयलंडमध्ये जंगलात झाडाचं एक खोड आहे, त्यात बघितलं की गेम म्हणतो बावीस नंबरची डिस्क टाका. डिस्का तर हातावर मोजण्याइतक्या. लोकांनी खरंच आपल्याला कमी डिस्का आल्या म्हणून फोन केले होते. मग दुसऱ्या भागात, १९९१ च्या, हिरोला जंगलात एक फोन सापडतो आणि तो त्यावरून चक्क गेम कंपनीच्याच हिंट लाइनला फोन लावतो. कारण तेव्हा खरंच अशी पैसे घेऊन उत्तरं सांगणारी फोन लाइन असायची! म्हणजे अडकवायचं पण आपणच आणि सोडवायचे पैसे पण आपणच घ्यायचे. आणि त्याच मालिकेचा २०२२ चा गेम, रिटर्न टू मंकी आयलंड, त्यात हिंटचं पुस्तक गेममध्येच मिळतं. तीस वर्षात एवढा फरक पडला.

अडकण्यात मजा नव्हती असं नाही हां. बदकाचे अकरा दिवस मला अजून आठवतात आणि त्या दिवसांत दादाशी जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या नंतर कधी झाल्या नाहीत. पण ती मजा सोळा वर्षांच्या आणि सुट्टी असलेल्या मुलांची. आता मी एका कोड्यावर वीस मिनिटं अडकले की फोन हातात येतोच, कितीही ठरवलं तरी येतो, आणि एकदा उत्तर बघितलं की पुढच्या कोड्याला धीर पाच मिनिटांवर येतो, मग दोन मिनिटांवर, आणि शेवटी आपण गेम न खेळता वॉकथ्रूचे आदेश पाळत बसतो.

बरं, कोडी बाजूला ठेवली तरी लाँगेस्ट जर्नी लांबच आहे कारण यातले लोक बोलतात. बाई बाई काय बोलतात. खानावळवाली बोलते, कॉर्टेझ नावाचा गूढ म्हातारा कोड्यात बोलतो, बर्न्स फ्लिपर नावाचा एक अपंग हॅकर आहे तो अखंड शिव्या देत बोलतो (हेडफोन लावा, घरात लहान मूल असेल तर), कावळा बोलतो, आणि तो कावळा मात्र इतका भारी आहे की त्याला सगळं माफ. आर्केडियात पंखवाल्या लोकांच्या गावात तर गोष्टी ऐकायच्या असतात, एकापाठोपाठ एक, आणि नंतर त्यावर प्रश्न विचारतात, तोंडी परीक्षेसारखे. दादाला हा भाग गेममधला सगळ्यात सुंदर वाटतो. मी तिसऱ्या गोष्टीत कीबोर्डवर झोपले, नवऱ्याने येऊन लॅपटॉप बंद केला. सेव्ह केलं नव्हतं. २००१ ला निदान लाइटवर ढकलता यायचं.

पण एक गोष्ट दादाला द्यावी लागेल, आणि मी ती फोनवर कबूल केली नाही म्हणून इथे करते. पहिले दोन चॅप्टर फार काही घडतच नाही. एप्रिल उठते, कॉलेजला जाते, कॅफेत काम करते, मैत्रीण एमाशी गप्पा मारते, घरमालकीण फिओनाशी बोलते, कालव्याच्या पुलावरून ये-जा करते. आठव्यांदा तोच पूल ओलांडताना मी वैतागले होते. मग गेम तुम्हाला उचलून जादूच्या जगात नेऊन टाकतो, तिथे जहाज, वादळ, समुद्राखालचे लोक, एक वेडा किमयागार ज्याला चक्क कॅल्क्युलेटर वापरून हरवायचं असतं (हे कोडं बदकाचं पाप धुऊन टाकतं), आणि बऱ्याच तासांनी परत व्हेनिसला येता तेव्हा पोटात कसंतरी होतं. ते घर तेच असतं पण तसं राहिलेलं नसतं. मला त्या क्षणी हॉस्टेलला गेल्यानंतर पहिल्यांदा घरी आल्यावरचं आठवलं, आपली खोली आहे पण त्यात आता शिलाई मशीन आहे. हे दोन तासात होत नाही. त्या पुलावरून आधी आठ वेळा कंटाळून गेलेलं असावं लागतं.

तर मग लांब गेम जिंकला? थांबा.

अ शॉर्ट हाइक, २०१९. अॅडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या एका माणसाने बनवलेला, संगीत मार्क स्पार्लिंगचं. क्लेअर नावाचा एक छोटा पक्षी मावशीकडे सुट्टीला आलाय, मावशी पार्कमध्ये रेंजर आहे, क्लेअर एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय आणि रेंज नाहीये. रेंज हवी तर हॉक पीकच्या टोकावर जावं लागेल. बस, एवढीच गोष्ट. यातलं दुःख मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही, आपण कोकणात गावी गेलो की हेच करतो, विहिरीपलीकडच्या कातळावर उभं राहून एका हाताने फोन वर धरून.

चढायला सोनेरी पिसं लागतात, जितकी जास्त पिसं तितकं जास्त चढता येतं, उडी मारता येते, आणि शिखर गाठायला सात पुरतात. ती कुठे लपलेली असतात, कुठे कोणाचं तरी काम केलं की मिळतात, कुठे पैसे देऊन. ज्याला सरळ वर जायचंय तो तासाभरात जाऊ शकेल. पण कोणीच सरळ जात नाही, कारण खाली कोणाचा तरी हेडबँड हरवलेला असतो, कोणाला शिंपले हवे असतात, कोणी शर्यत लावायला उभं असतं, समुद्रकिनारी काठी-बॉलचा कसलातरी खेळ चाललेला असतो. एकही जण तुम्हाला जगाचं रक्षण कर म्हणत नाही. आणि संगीत तुम्ही जसजसे वर चढता तसं बदलत जातं, बर्फात गेलात की वेगळं, उडायला लागलात की आणखी वेगळं, मला दुसऱ्यांदा खेळताना लक्षात आलं.

पहिल्या वेळी मला सव्वादोन तास लागले. दोन रात्री. वर पोचल्यावर फोन येतो, तो कोणाचा आणि कशाबद्दल हे मी इथे सांगत नाही, पण फोन संपल्यावर मी लगेच उठून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला, रात्रीचे अकरा वाजले होते, ते घाबरले. मग शिखरावरून खाली उडी मारायची आणि तरंगत तरंगत सगळं बेट पालथं घालत मावशीच्या घरी. एवढे कष्ट करून जे चढलो ते सगळं पायाखालून जातं, तो मासे पकडणारा, ती शर्यतवाली, सगळे. ते मिनिट-दीड मिनिट मी कधी विसरणार नाही.

माझी लेक आठ वर्षांची, ती शेजारी बसून बघत होती. "संपला? एवढाच?" म्हणाली. मला वाटलं झालं, ही दादामामाच्या पार्टीत गेली. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिने नवीन गेम सुरू केला आणि शिखराकडे ढुंकूनही न बघता तीन दिवस नुसती बेटावर फिरत होती. विचारलं वर का जात नाहीस, तर म्हणे "वर गेलं की संपतं ना गं आई."

आता पैशांचं बोलते, कारण दादाचा खरा मुद्दा तोच आहे, तासाला किती रुपये पडले. हा हिशोब मला क्रिकेट किंवा मारामारीच्या गेमला समजतो, तिथे तीच गोष्ट शंभर वेळा करण्यातच गंमत असते. अॅडव्हेंचर गेममध्ये कोडं एकदा सुटलं की मेलं. ते परत वापरता येत नाही. म्हणजे प्रत्येक नव्या तासाला नवीन जागा, नवीन माणूस, नवीन संवाद कोणीतरी बसून बनवायला लागतो, आणि पैसे संपत आले की मग कंपन्या काय करतात, तर तुम्हाला चालायला लावतात. या खोलीतून त्या खोलीत, दार उघडा, परत या, किल्ली विसरलात, परत जा. तास वाढतात. शिऱ्यात पाणी वाढवल्यासारखं, पातेलं भरलेलं दिसतं. १९९५ चा फुल थ्रॉटल आला तेव्हा लोकांनी बोंब मारली होती की फारच छोटा आहे, आणि मला विचाराल तर त्या बाइकवाल्या बेनचा एकूण एक सीन आजही आठवतो, तेव्हाच्या दुप्पट लांबीच्या गेमची नावं पण आठवत नाहीत.

आणि छोटे गेम बनवणाऱ्यांचा आणखी एक वांधा असतो तो दादाला माहीतच नव्हता. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करून पैसे मिळतात. ग्राहक म्हणून मला हा नियम आवडतो. पण ज्याचा गेमच दीड तासाचा आहे त्याचं काय? लोक पूर्ण खेळून, शेवट बघून, छान होता असं लिहून, परत करतात. २०२१ मध्ये समर ऑफ फिफ्टी-एट नावाच्या छोट्या भुताच्या गेमच्या डेव्हलपरने याच कारणाने वैतागून आपण गेम बनवणं सोडतोय असं जाहीर केलं होतं. थाळी पूर्ण चाटूनपुसून खाऊन पैसे परत मागणाऱ्याला आपल्याकडे हॉटेलवाला काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हा बाबांनो हाइक घेतलात तर ठेवा.

छोटं म्हणजे आपोआप चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही, आणि यासाठी घरचंच उदाहरण देते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२० चा. मारामारी जास्त आहे त्यामुळे अॅक्शन अॅडव्हेंचर म्हणा. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते आणि दुर्गा आणि विष्णू वरून बघत बघत गोष्ट सांगतात. राजस्थानी वाटणारे महाल, भिंतीवरची चित्रं, कठपुतळ्यांच्या सावल्यांसारखे मधले सीन, बघताना ऊर भरून येतो, आपल्या गावात बसून कोणीतरी हे केलं म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना घ्यायला लावला. पाच-सहा तासांत संपतो. आणि संपतो म्हणजे थांबतो. शेवटच्या मारामारीनंतर मला वाटलं आता खरी गोष्ट सुरू होणार, तर नावं यायला लागली. हाइक सव्वादोन तासांचा असून मला भरल्यासारखं वाटलं आणि राजी त्याच्या दुप्पट असून भूक राहिली. म्हणजे घड्याळ बघून काही कळत नाही, गोष्टीला जेवढं अंतर चालायचंय तेवढं ती चालली का हे बघावं लागतं. पुढचा भाग येणार असं जाहीर झालंय, मी पहिल्या दिवशी घेणार.

व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच पण याच यादीत, २०१७ चा, दोन-अडीच तास, एका घरातल्या एकेका माणसाच्या मरणाच्या गोष्टी. त्यातला मासे कापण्याच्या फॅक्टरीतला सीन, एका हाताने मासे कापत राहायचं आणि दुसऱ्या हाताने त्या पोराच्या डोक्यातल्या राज्यात चालत राहायचं. तो सीन मोजून काही मिनिटांचा असेल. वीस मिनिटांचा केला असता तर हात दुखले असते, बाकी काही नाही.

मग माझा निकाल काय. नोकरी, घर, पोर असलेल्या माणसाला मी सरळ छोटा गेम घ्या म्हणेन, तीन-चार तासांचा, शनिवारी रात्री सुरू करून रविवारी दुपारी आमरसानंतर संपवता येईल असा. कारण लांब गेमचा खरा शत्रू मधला मंगळवार आहे. चार दिवस गॅप पडला की आपण कुठे होतो, खिशात हा आरसा का आहे, हा माणूस कोण, काहीच आठवत नाही, आणि मग तो गेम लायब्ररीत पडून राहतो. माझ्याकडे असे सात आहेत. लाँगेस्ट जर्नी हाताशी मोठी सुट्टी असेल तर, किंवा पाय मोडून घरी बसलात तर, आणि शक्यतो शेजारी कोणीतरी डोकं चालवायला असेल तर. एकट्याने नका खेळू. जर्नीला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा कावळ्याचा. हाइकला साडेचार, अर्धा का कापला तर नकाशा नाही दिला नीट, मी एकाच कड्याला चार वेळा चढले.

हे सगळं मी दादाला परवा ऐकवलं. तो म्हणाला, अगं एवढं काय त्यात, दोन तासांचा गेम, मी पण आज रात्री उडवून टाकतो. घेतला त्याने. काल सकाळी उठून व्हॉट्सअॅप बघितलं तर त्याचे नऊ फोटो, सगळे माशांचे. त्या गेममध्ये गळ टाकून मासे पकडता येतात आणि कुठले कुठले पकडले त्याची वही असते, ती पूर्ण करायच्या मागे लागलाय तो. मी विचारलं किती तास झाले. साडेसहा. म्हणलं आणि शिखर? तर म्हणे, "कुठलं शिखर?"